उंबऱ्याबाहेरची गोमू

सन एकतीसच्या शिमग्यातली ही गोष्ट. धुळवडीच्या दुपारी तुळशी बाटली घेऊन रॉकेल आणायला बाजारात गेली आणि परतताना तिच्यासोबत मैना आली. मैना शाळेतल्या हेडमास्तरांची मुलगी. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातला शिमगा तिला एकदा बघायचाच होता. "नको गं, घाणेरडं असतं सगळं," तुळशी म्हणाली. पण मैना ऐकते थोडीच!

तुळशी मुद्दाम पाय ओढत चालत होती. यंदाही गोमू तिचा बा गुणाजीच होणार होता. गोमू म्हणजे शिमग्यातलं बाईचं सोंग. पुरुषाने लुगडं नेसायचं, पायांत चाळ बांधायचे, पदर हनुवटीपर्यंत ओढायचा आणि ढोलकीवर दारोदार नाचायचं. लुगडं मात्र घरच्याच बाईचं लागे. तुळशीची आई गेल्या श्रावणात तापाने गेली होती, तरी सकाळी गुणाजीने पेटीतून तिचंच हिरवं लुगडं काढलं. "तिलाबी तेवढंच नाचायला मिळंल," म्हणून तो हसला. तुळशी हसली नाही.

सगळ्या आळीत नाचून गोमू शेवटी आपल्या दारी येई. उंबऱ्याबाहेर होळीची राख पसरलेली असे. तिथे उभं राहून ती विचारी, "वळखलं का गो?" घरच्या माणसाने "व्हय, आमचाच हाय" म्हणायचं आणि पायांवर पाणी घालायचं. मगच पदर वर जाई, सोंग उतरे आणि माणूस घरात येई. आई दरवर्षी मुद्दाम वेळ लावी. "थांबा, मिशी हाय का बघू द्या!" म्हणे, आणि आळी हसून लोटपोट होई. आता घरात ओळख द्यायला एकटी तुळशी उरली होती.

ढोलकी दारापुढे आली तेव्हा ऊन उतरलं होतं. हिरवं लुगडं गरकन फिरलं आणि थांबलं.

"शी! काय ते ध्यान," मैना कुजबुजली. "पुरुषासारखा पुरुष असून लाज कशी नाही वाटत? कोण गं हा?"

शेजारच्या ठमाबाईने पाण्याचा तांब्या तुळशीच्या हातात दिला. पदराआडून घोगरा आवाज आला, "वळखलं का गो?"

तुळशीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मैना तिच्याकडेच बघत होती.

"न्हाय... नाही," ती म्हणाली. "मी नाही ओळखत."

"आयवर गेलीय पोर!" ढोलकीवाला बुधाजी हसला. सगळेच हसले.

"वळखलं का गो?" या वेळी आवाज जरा खाली आला होता.

"नाही म्हटलं ना! दुसऱ्या दारी जा."

आता कोणी हसलं नाही. ठमाबाईने तिचा दंड धरला. "पोरी, चेष्टा येकदाच करत्यात. बोल लवकर."

तुळशीने मैनाकडे पाहिलं आणि तांब्या खाली ठेवला. गोमू वळली आणि किनाऱ्याकडे चालू लागली. बुधाजी हाका मारत मागे धावला. थोड्या वेळाने तो एकटाच आला, घामाघूम. "वाळूवर कोनच न्हाय," एवढंच म्हणाला. पण चाळ वाजत होते. सगळ्यांना ऐकू येत होते.

मैना घरी गेली. तिन्हीसांजेला तुळशी तांब्या घेऊन दारात बसली. वारा पडला होता. वाळत घातलेल्या बोंबलांचा आणि विझल्या होळीचा वास एकमेकांत मिसळला होता. मग चाळ जवळ आले... उंबऱ्याशी थांबले.

"बा," ती घाईने उठली. "चुकलं माझं. व्हय, आमचाच हाय. ये ना..."

तिने पायांवर पाणी घातलं. पदर हलला नाही.

"बा... अरे बोल ना..."

तुळशीला रडू कोसळलं, आणि गेले कित्येक महिने रडताना तोंडात यायची तीच हाक आली. "आये..."

चाळ वाजले. गोमू उंबरा ओलांडून आत आली.

ती तुळशीच्या मागे बसली. तिने वेणी सोडली, केस विंचरले. बाची बोटं दोरखंड ओढून सोललेली, खरखरीत. ही मऊ होती. ताठ बसवण्यासाठी आई गुडघा पाठीला टेकवायची, तसा गुडघा टेकला. तुळशीने डोळे मिटले.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. चाळ नव्हते, नुसता बाचा आवाज... थंडीत कुडकुडल्यासारखा.

"तुळशे... वळखलं का गो?"

केसांतली बोटं थांबली. वेणी हळूच ताणली गेली. काय म्हणायचं ते तुळशीला ठाऊक होतं. आता लाजावं असं तिथे कोणीही नव्हतं. पण ती बोलली असती तर ही बोटं केसांतून निघून गेली असती.

ती गप्प बसली. बोटं पुन्हा चालू लागली.

सकाळी चुलीपुढे हिरवं लुगडं पाठमोरं बसलं होतं, पदर तसाच खाली. तुळशीने दार उघडलं. राखेत दोन अनवाणी, रुंद पावलं उमटली होती, बोटं दाराकडे. येतानाचा माग नव्हता, जातानाचाही नव्हता.

शाळेत न्यायला आलेली मैना वळणावर दिसली. तुळशीने केरसुणी घेतली आणि पावलं घाईघाईने पुसून टाकली.

"बाबा कुठायत तुझे?" मैनाने विचारलं.

"होडीवर."

"आणि वेणी किती सुरेख! कोणी घातली गं?"

तुळशीने फक्त एकदा मागे वळून पाहिलं. पुसलेल्या राखेत पावलं पुन्हा उमटली होती, उंबऱ्याच्या आणखी बोटभर जवळ.