आईच्या उंचीचा ओटा

मे महिन्यात नागपुरात प्रेमात पडणं माणसानं शक्यतो टाळावं. घाम येतो, आणि तो कशामुळे आला ते समोरच्याला कळत नाही. दीक्षा त्या दुपारी घराबाहेर पडली ती टाइल्स घ्यायला. दुसरा काही बेत नव्हता.

सक्करदऱ्याच्या रस्त्यावर उरल्यासुरल्या टाइल्सचं एक दुकान आहे. दुकानात कूलर होता, आणि कूलरसमोर एक उंच तरुण डोळे मिटून उभा होता. शर्ट हवा भरून फुगला होता. पायाशी निळ्या टाइल्सचा एकच खोका उरलेला.

"हा खोका तुमचा आहे का?" दीक्षानं विचारलं.

त्यानं डोळे उघडले. आधी तिच्याकडे पाहिलं… मग बऱ्याच वेळानं खोक्याकडे.

"हो," तो म्हणाला. "मोरीसाठी."

"मलाही मोरीसाठीच हव्या होत्या."

अनोळखी माणसाला सांगू नये इतकं मग दीक्षानं सांगून टाकलं. आईच्या, म्हणजे कांताबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली होती. आई सध्या मोठ्या मुलीकडे होती, पण परत आली की आपल्या दगडाशीच बसून कपडे धुणार असं तिनं जाहीर केलं होतं. मशीनवर तिचा विश्वास नव्हता; मशीनला कॉलरचा मळ दिसत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून दीक्षानं ठरवलं, दगडच वर उचलायचा. ओटा बांधायचा, त्यावर दगड बसवायचा, म्हणजे आई उभ्यानं धुईल. मिस्त्रीनं आल्या आल्या दगड फेकायला सांगितला, तेव्हा दीक्षानं मिस्त्रीलाच परत पाठवलं.

त्या दगडावर आईनं तिचा शाळेचा शर्ट धुतला होता. शर्ट बहिणीचा उतरलेला, पण असा पांढराशुभ्र निघायचा की दरवर्षी नवा घेतात असं वर्गाला वाटायचं. दीक्षानंही कधी खरं सांगितलं नाही. आता ती त्याच शाळेत भूमिती शिकवत होती.

तरुणानं खोका उचलून तिच्या गाडीवर ठेवला. त्याचं नाव रोशन. कोराडीला वीजकेंद्रात नोकरी, तिथंच क्वार्टर.

"अट एकच," तो म्हणाला. "मी येऊन पाहणार. तुमच्या मोरीत शिकलो, की माह्या मोरीत चुकणार नाही."

"म्हणजे चुका माझ्या मोरीत करणार?"

"पहिल्या पहिल्या."

पुढच्या सुट्टीला तो बसनं आला. मग दर सुट्टीला येऊ लागला. घर दीक्षाच्या आजोबांनी, लहानूजींनी बांधलेलं. मागच्या अंगणात पत्र्याखाली मोरी. शेजारच्या अंजनाबाई भिंतीपलीकडे वाळत घातलेल्या कुरड्या राखत बसायच्या. त्या उन्हाळ्यात त्यांच्या बऱ्याच कुरड्या कावळ्यांनी नेल्या, यावरून त्यांचं लक्ष कुठं होतं ते समजावं.

दोघांनाही काही येत नव्हतं. मोबाइलमधला एक माणूस हसत हसत टाइल्स बसवायचा, त्याला पाहून हे शिकायचे. फरशी झाल्यावर पहिल्यांदा पाणी ओतलं. पाणी क्षणभर विचार करत थांबलं आणि स्वयंपाकघराकडे निघालं. फरशी उखडली. दुसऱ्यांदा मात्र पाणी नाकासमोर चालत जाळीत गेलं, तेव्हा दोघं उकिडवी बसून नदी पाहावी तसं ते पाहत राहिली. ओल्या सिमेंटचा गार वास, पत्र्यावर तापलेलं ऊन… आणि 'तुम्ही'चं 'तू' नेमकं केव्हा झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

मग ओट्याची उंची ठरवायची वेळ आली. आईला फोनवर विचारलं असतं तर गंमत गेली असती.

"आई माझ्या कानापर्यंत येते," दीक्षा म्हणाली.

"मग मी होतो आई," म्हणून रोशन भिंतीला पाठ लावून गुडघ्यात वाकला.

दीक्षा टेप घेऊन पुढं आली. त्याच्या कमरेच्या रेषेत भिंतीवर खूण करायची, एवढंच काम. तिच्या कपाळावर पांढऱ्या सिमेंटचा ठिपका होता. तो पुसायला रोशनचा हात निम्मा वर गेला… आणि तिथंच राहिला.

"वाकून राहा ना."

"वाकलोच आहे."

तो वाकलेला नव्हता. ती एक पाऊल जवळ आली, तसा तो इंचाइंचानं सरळ होत गेला होता. आणि भूमितीच्या बाई खुणेकडे पाहतच नव्हत्या. विज्ञानात याला निरीक्षणातली चूक म्हणतात. भूमितीत काय म्हणतात ते अभ्यासक्रमात नाही.

ओटा झाला. निळ्या टाइल्स लागल्या. दगड दोघांनी मिळून उचलला. मधोमध आईच्या हातांनी घासून घासून पडलेली खोलगट जागा होती. दीक्षानं तिथं तळवा ठेवला.

मग म्हणाली, "आता तुझी मोरी कधी काढायची? मी येईन मदतीला."

"काढू," एवढंच रोशन म्हणाला, आणि उरलेलं सिमेंट कारण नसताना कालवत राहिला.

कांताबाई आल्या त्या दिवशी त्यानं मुद्दाम रजा घेतली होती. काठी टेकत त्या मोरीत गेल्या. ओट्याशी उभ्या राहिल्या. दगड त्यांच्या छातीशी आला. कपडे धुणं सोडा, रेशनच्या उंच खिडकीत पिशवी द्यावी तसे त्यांचे हात वर झाले.

दीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. उन्हाळ्याची अख्खी सुट्टी गेली होती… आणि आईला हात पोचत नव्हता.

कांताबाईंनी दगडाची खोलगट जागा चाचपली. "दगड ठेवला वं तू," त्या हळूच म्हणाल्या. "मले वाटलं, फेकला असन."

मग त्या रोशनकडे वळल्या. "तू उभा राह्य बरं इथं."

रोशन उभा राहिला. दगड बरोब्बर त्याच्या कमरेशी.

"याच्या मापाचा हाय हा ओटा," कांताबाईंनी निकाल दिला. "माही उंची याच्यावरून घेतली काहून?"

दोघंही जाळीकडे पाहू लागली. भिंतीपलीकडे कावळे निवांत जेवत होते.

"आन् दीक्षा सांगत होती ते तुही मोरी कधी करून राहिला गा?"

रोशननं घसा साफ केला. "काकू… माह्याकडे मोरीच नाही. क्वार्टरमध्ये खिळा ठोकाचा तरी अर्ज द्यावा लागते."

"मंग त्या टाइल्स?" हे दीक्षानं विचारलं. चिडली की तिची शाळेतली भाषा जाऊन घरची बोली यायची.

"दुकानाच्या होत्या. मी कूलरची हवा खाऊन राहिलो होतो. तू विचारलं, तुमचा आहे का. नाही म्हटलं असतं, तर तू खोका घेऊन निघून गेली असती."

"म्हणजे इतके दिवस मले बनवलं?"

"एकदाच खोटं बोललो. मग ते निभवाले थापी धरली. पण दीक्षा, काम खोटं नाही केलं… आन् येणंही खोटं नव्हतं."

दीक्षानं ओट्याकडे पाहिलं. चुकीचा, पण तसूभर वाकडा नसलेला ओटा.

"तोडून पुन्हा बांधतो," रोशन म्हणाला. "काकूंच्या मापानं."

"काही तोडाचं नाही," कांताबाई म्हणाल्या. "आजवर मी खाली बसून धुतलं. आता ज्याच्या मापाचा हाय, तो धुईन. मी खुर्चीवर बसून कॉलर कशी घासाची ते सांगीन. खुर्ची आण वं."

खुर्ची आली. प्रवासातली पांढरी साडी, निळ्या काठाची, दगडावर पडली. रोशननं बाह्या सरसावल्या. तो धुवत होता आणि कांताबाई चुका काढत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं सुख दीक्षानं पूर्वी पाहिलं नव्हतं. धुताना आईचा चेहराच तिनं कधी पाहिला नव्हता. दिसायची ती वाकलेली पाठ.

साडी पिळायला दोन माणसं लागतात. दीक्षानं दुसरं टोक धरलं. पिळून झाली, झटकून झाली, तासाभराच्या उन्हात कडक वाळली. मग घडी घालायची. हा कार्यक्रम ज्यानं कोणी शोधून काढला त्याचे आभार मानले पाहिजेत, कारण दर घडीला टोक टोकाला लावावं लागतं, आणि माणसं एकेक पाऊल जवळ येतात.

"रविवारी ये," दीक्षा म्हणाली. बोटं बोटांना लागली होती.

"काम काय आहे?"

"काहीच नाही."

रोशन तिच्याकडे पाहत राहिला. हातातलं टोक निसटलं.

"काठाले काठ लावा गा," खुर्चीवरून कांताबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.