गडद आणि फिकं

दाराची बेल वाजली तेव्हा तिच्या ओठांत तीन टाचण्या धरलेल्या होत्या.

"शिंपीकाका इथंच राहतात ना? मशीन बिघडलंय म्हणाले." हत्यारांची पेटी घेतलेला एक तरुण दारात उभा होता.

तिनं बोटानं वरचा मजला दाखवला. तो दोन पायऱ्या चढला... आणि परत आला.

"तुमचंही मशीन टाका सोडतंय. बाहेरून ऐकू आलं."

तिनं टाचण्या काढल्या. "दाराबाहेरून नाडी कळते?"

"मशीनची कळते. माणसांची नाही."

हसू दाबत तिनं त्याला आत घेतलं. पुढची खोली हाच तिचा स्टुडिओ. भिंतभर पांढरं फ्लॅनेल ताणलेलं आणि त्यावर कापडाचे शेकडो तुकडे टाचलेले. तिरपे, वेडेवाकडे, कशाचंच चित्र नसलेले. प्रदर्शनासाठीची ही गोधडी तीन महिने अडून बसली होती. मशीन दुरुस्त करून तो भिंतीसमोर थबकला.

"खाली डावीकडे जड झालंय. तो मोठा मातकट तुकडा..."

"मातकट? अहो, लालभडक आहे तो!"

तो ओशाळला. "मला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही. गडद आणि फिकं तेवढं कळतं."

तिनं तो तुकडा काढून फिका लावला, आणि इतके दिवस डोळ्यांत खुपणारी भिंत एकदम मनासारखी झाली.

मग तो दर रविवारी येऊ लागला. मशीनला तेल घालायला.

"इतकं तेल पितं होय गं ते मशीन?" आतल्या खोलीतून आईनं एकदा विचारलंच. दोन वर्षांपूर्वी आईची डावी बाजू लुळी पडली होती, कान मात्र तिखट होते.

"लाजलात की काय?" त्यानं हळूच विचारलं. "मला रंग कळत नाही, सांगावं लागेल."

"छे! मी कशाला लाजू?"

"मग अशा गडद का झालात?"

तिनं उशीत भरायचा कापूस त्याच्या अंगावर फेकला.

गोधडीचे थर एकत्र शिवायच्या दिवशी दोघं जमिनीवर बसले होते. तो अस्तर ताणून धरत होता, ती धावदोरा घालत होती. सुई त्याच्या बोटांजवळ आली तेव्हा तो म्हणाला, "मला दूरच्या शहरात कारखान्यात नोकरी लागलीय. पुढच्या महिन्यात जायचंय." जरा थांबून तो पुढं म्हणाला, "तुम्ही याल? आईंना घेऊन. तळमजल्यावरचं घर बघतो."

सुई थांबली.

"आईला इतका प्रवास झेपायचा नाही," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडं क्षणभर पाहिलं. "बरं..." म्हणाला, आणि अस्तराचा कोपरा पुन्हा ताणून धरला.

तो गेल्यावर आईनं हाक मारली. "माझ्या नावावर का खपवलंस?"

"आई, तुझ्याच काळजीनं..."

"मला विचारलंस तरी? घाबरलीस तू, चिमणे."

ती सुईत दोरा ओवू लागली. दोन वर्षं या दोन खोल्यांत सगळं कसं हाताशी होतं. नवं शहर, नवा माणूस... आणि नाहीच जमलं तर? आई म्हणत होती ते खरंच होतं.

धीर गोळा करायला तिला आठ महिने लागले. गोधडी प्रदर्शनात लागली, लोक त्या गोधडीसमोर उभे राहिले, आणि एका दुपारी तिनं फोन केला.

"तुम्ही!" त्याचा आवाज फुलला, मग हळूच खाली आला. "मीच कळवणार होतो. गेल्या आठवड्यात माझं लग्न ठरलं."

"अभिनंदन." इथंच फोन ठेवता आला असता. तिनं ठेवला नाही. "त्या दिवशी मी खोटं बोलले. आईला प्रवास झेपला असता. मला यायचं होतं... तुमच्याबरोबर."

पलीकडं कारखान्याची घरघर ऐकू येत राहिली.

"मला वाटलं होतं तसं," तो म्हणाला. "पण पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. एकदा तरी विचारायला हवं होतं मी."

"चांगली आहे ती?"

"खूप."

"मग झालं तर."

फोन ठेवून ती आतल्या खोलीत गेली. चांगल्या हातानं जोर लावून आई भिंतीकडं सरकली आणि पलंगावर जागा केली. ती आईच्या कुशीत शिरली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मोठ्यानं रडली.