गुहा, रोज संध्याकाळी पाच वाजता

“या किनाऱ्याचा दगडन्‌दगड मला पाठ आहे,” धक्क्यावर उभं राहून ती होडीवाल्याला म्हणाली आणि तिनं ऐटीत पुढचं पाऊल टाकलं. तो दगड नेमका पाठ करायचा राहिला होता. शेवाळावरून घसरत ती थेट त्याच्या होडीत, त्याच्या जेवणाच्या डब्यावर जाऊन बसली.

“चौदा वर्षांत होडीत चढायच्या पुष्कळ तऱ्हा पाहिल्या,” तो म्हणाला. “ही नवी आहे. लागलं का?”

“छे! मी मुद्दाम इथंच बसले.”

“बसा की. भाजी तशीही नावडतीच होती.”

त्याच्या डोळ्यांत हसू मावत नव्हतं. तिला राग यायला हवा होता... आला नाही.

पर्यटन कचेरीत सहा वर्षं ती माहितीपत्रकं लिहीत होती, तीही फोटो समोर ठेवून. ‘अथांग’, ‘विलोभनीय’, ‘स्वर्गीय’ हे शब्द आलटून पालटून टाकायचे, की झालं! समुद्रात मात्र ती आज पहिल्यांदाच उतरत होती. निळ्या गुहेबद्दल एकोणीस तक्रारी आल्या, तेव्हा साहेब म्हणाले होते, “जाऊन बघा. उद्या नवं पत्रक छापायला जातंय. दम नसेल तर गुहा काढून टाका.”

आपण कोण, हे मात्र तिनं होडीवाल्याला सांगितलं नाही.

“गुहा बघून लोक नाराज का होतात हो?” होडी निघाल्यावर तिनं अगदी सहज विचारलं.

“बघायला मिळाली तर ना! पत्रकात छापलंय, ‘रोज संध्याकाळी पाच वाजता’. अहो, ओहोटीची वेळ रोज सरकते, पत्रकातली सरकत नाही. लोक पाचला येतात, गुहा पाण्याखाली असते, मग माझ्यावर तोंडसुख घेतात. तो लिहिणारा गाढव एकदा भेटू दे...”

“भेटला तर?”

“धक्क्यावरून ढकलून देईन. आता म्हणे पत्रकातून गुहाच काढणार. मग कोण येतंय? होडी विकायची आणि दाजींच्या दुकानात फरशा उचलायच्या.”

ती पाण्याकडे बघत बसली. पाचची वेळ तिनंच टाकली होती. कचेरी साडेपाचला सुटते, म्हणून तिनं अख्खा किनारा कचेरीच्या वेळेत बसवला होता.

“आडव्या व्हा,” तो म्हणाला. “नाक वाचवा.”

गुहेचं तोंड जेमतेम होडीएवढं. लाट खाली बसली, त्यानं कातळावरचा दोर ओढला, आणि दगड नाकापासून बोटभर अंतरावरून सरकत गेला. मग ती उठून बसली.

वर उंच घुमट. त्यावर उजेडाच्या रेघा नाचत होत्या, जणू सगळं छतच श्वास घेत होतं.

“निघूया, पाणी चढतंय.”

“एकच मिनिट...”

असं ती पाच वेळा म्हणाली. पाचव्यांदा गुहेचं तोंड पाण्याखाली गेलं.

“हे काय झालं?”

“भरती. आता दुपारी दोनपर्यंत दार बंद. घाबरू नका, वरच्या भेगेतून वारा येतो.”

“चौदा वर्षं होडी चालवता म्हणालात ना? कळलं नाही तुम्हाला?”

“कळलं असतं. पण तुम्ही छत बघत होतात... आणि मी—”

त्यानं वल्हं आत ओढलं. अंधार होईल असं तिला वाटलं होतं. पण बाहेरचं ऊन आता पाण्याखालून आत आलं. खालचं सगळं पाणी पेटलं—निळं, निळं, निळं! होडीखाली पाणी आहे असं वाटेचना. आभाळात टांगल्यासारखी होडी. तिनं हात बुडवला, तर बोटं चांदीची झाली.

“हे मी एकदाच पाहिलंय,” तो हळूच म्हणाला. “लहानपणी, बाबांबरोबर अडकलो तेव्हा. रडलो होतो.”

तिनं मनातल्या मनात ‘अथांग’ म्हणून बघितलं. तोकडा पडला. ‘विलोभनीय’ तर खोट्या दागिन्यासारखा वाटला. आणि या निळाईत खोटं बोलणं तिला जमेना.

“तो गाढव मी आहे,” ती म्हणाली.

छतावरून एक थेंब पडला. मग दुसरा.

“आता ढकलायला इथं धक्का कुठून आणू?” तो म्हणाला.

“रागावलात?”

“रागावायला चार तास आहेत. आधी हे बघून घेऊ.”

तिनं पिशवीतून जुनं पत्रक काढलं, पाचची वेळ खोडली आणि पाठीमागं एक ओळ लिहून त्याला वाचून दाखवली : “गुहा बघायचीच. वेळ होडीवाल्याला विचारा, रोज वेगळी असते.”

“हे उद्या छापणार?”

“साहेबांनी ऐकलं नाही तर त्यांना इथं आणून अडकवीन.”

तो मोठ्यानं हसला. घुमटही हसला. मग तो वल्ह्याशी चाळा करत म्हणाला, “पण वेळ विचारायला... तुम्हालाही यावं लागेल.”

“कधी?”

“रोज. वेळ रोज बदलते. माझा नाइलाज आहे.”

“येईन की,” ती म्हणाली. चांदीची बोटं तिनं त्याच्या हातावर ठेवली. “रोज येईन.”

अडीचला ते धक्क्याला लागले. त्यानं वर उडी मारली, वळला आणि तिला उतरवायला दोन्ही हात पुढं केले. होडी बांधायची राहिली होती. ओहोटी तिला होडीसकट घेऊन गेली. साडेचारला एका मासेमारी बोटीनं दोघींना परत आणलं.