बारा फळ्या, बारा मिलीमीटर

"मी आंधळा होत चाललोय का, एवढंच मला शोधून दे," असं म्हणत क्लॅरी पेनरोज व्हर्ना ट्रेगेन्झाच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. डोक्यावरची टोपी काढायचंही त्याला सुचलं नाही.

व्हर्नाने ॲडलेडमध्ये तीस वर्षं खाजगी गुप्तहेराचा धंदा केला होता. समुद्रकाठच्या वॉलरू गावी राहायला आल्यावर आपण निवृत्त झालो असं ती सांगे, पण गावाला ते मान्य नव्हतं. तिचा दीर डेस तिच्या शेजारीच राहायचा. त्याचा सारा जन्म बस चालवण्यात गेला होता, त्यामुळे वळण समोर आल्याशिवाय वळायचं नाही ही सवय त्याच्या डोक्यालाही लागली होती.

"डोळ्यांचं मी काय शोधणार?" व्हर्ना म्हणाली. "डॉक्टरकडे जा."

"डॉक्टर म्हणतो, डोळे ठणठणीत. शेड म्हणते, गेले. आणि मी राहतो शेडमध्ये, डॉक्टरकडे नाही."

यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. बायको गेल्यापासून क्लॅरीचा दिवस गावच्या सुतारकामाच्या शेडमध्येच उगवायचा आणि तिथेच मावळायचा. गावातले वीस-पंचवीस निवृत्त लोक तिथे जमून खुर्च्या दुरुस्त करत, बाकं बनवत आणि एकमेकांची उणीदुणी काढत. क्लॅरी त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा, एकोणऐंशी वर्षांचा, आणि सगळ्यात चांगला सुतार.

"अग्निशामक दलासाठी हेल्मेटं ठेवायची लाकडी मांडणी बनवतोय," तो सांगू लागला. "कॅप्टन रो गेला ना, त्याच्या नावाने. बारा खण. त्याच्या बायकोने जुन्या जेटीच्या, जारा नावाच्या लाकडाच्या फळ्या दिल्या, त्यानेच जपून ठेवलेल्या. ते लाकूड आता कुठेच उरलेलं नाही. येत्या शनिवारी उद्घाटन. आणि मी फळ्या कापल्या त्या आखूड."

"सगळ्या?"

"बाराच्या बारा. एकेक मिलीमीटर. एकटी फळी पाहशील तर कळणारही नाही. ओळीने लावल्यावर शेवटी बोटभर फट पडली. पोरी, मी प्रत्येक फळी तीनदा मोजली. तीनदा तीनशे भरली. शेडचा प्रमुख ग्रॅहम, त्याच्या पोलादी पट्टीवर दोनशे नव्व्याण्णव."

"टेपच खराब असेल," डेस म्हणाला.

"तेही पाहिलं. टेप पट्टीशेजारी आडवी ठेवली, खुणेला खूण जुळते. मग राहिलं काय? माझे डोळे." क्लॅरीने टेबलावरच्या चहाकडे पाहिलं, पण कपाला हात लावला नाही. "आज चहाच्या सुट्टीनंतर बैठक आहे. ग्रॅहम माझ्याकडची यंत्रांची चावी काढून घेणार. चूक माझी असेल तर मी आपण होऊन देईन. पण माझीच आहे का, ते मला कळलं पाहिजे."

व्हर्नाने घड्याळ पाहिलं. साडेनऊ वाजले होते.

"डेस, गाडी काढ."

*

शेडमध्ये करवतींचा आवाज, भुसा आणि ताज्या, खिमा भरलेल्या पेस्टींचा वास एकत्र नांदत होते. मांडणी मधोमध उभी होती: तांबूस काळं लाकूड, जुन्या खिळ्यांची भोकं तशीच ठेवलेली. उजव्या टोकाला मात्र शेवटचा खांब आपल्या खाचेपासून दूर राहिला होता. डेसने फटीत करंगळी घालून पाहिली. ती आरामात गेली.

"खांब आणि वरची पट्टी कधी कापली?" व्हर्नाने विचारलं.

"गेल्या सोमवारी. ती अचूक आहेत. मंगळवारी डोळ्यांच्या तपासणीला ॲडलेडला गेलो. बुधवारी आलो आणि गुरुवारी फळ्या कापल्या."

"करवतीला एक अटकाव लावून सगळ्या एकाच मापाने कापल्या?"

"छे. जेटीचं लाकूड, कुठे भोक, कुठे चीर. प्रत्येक तुकडा निवडून, वेगळा मोजून कापला."

व्हर्नाने बाराही फळ्या पोलादी पट्टीवर मोजल्या. दोनशे नव्व्याण्णव, बारा वेळा. मग तिने हात पुढे केला. "तुमची टेप द्या."

क्लॅरी घुटमळला. आजूबाजूच्या दोघा-तिघांनी माना वर केल्या.

"इथे दुसऱ्याच्या टेपला कुणी हात लावत नाही," तो पुटपुटला. "एका कामाला एकच टेप, आणि ज्याची टेप त्याचा हात. जुनी रीत आहे. पण घे."

टेप झिजलेली होती, कडांचा रंग उडालेला. व्हर्नाने पाती बाहेर ओढली, तेल घातल्यासारखी ती सुळकन आली. टोकाचा पत्र्याचा आकडा, म्हणजे फळीच्या कडेला अडकवायचा हूक, तिने चिमटीत धरून हलवून पाहिला. तो घट्ट बसलेला होता.

"निगा मात्र छान राखली आहेस," डेस कौतुकाने म्हणाला. त्याने नीट पाहण्यासाठी चष्मा लावला, तसा एका बाजूने तो नाकावरून घसरला. "माझ्या चष्म्याची एक काडी कधीपासून लटपटतेय." तो त्याने काढून जवळच्या टेबलावर ठेवला आणि तिथेच विसरला.

*

ग्रॅहम ट्रेझीसने शाळेत चाळीस वर्षं सुतारकाम शिकवलं होतं. अजूनही तो समोरच्याशी फळ्यासमोर उभा असल्यासारखाच बोलायचा.

"मला काय हौस आहे? पण यंत्रावर बोट गेलं तर जबाबदार मी. मंगळवारी डोळ्यांत थेंब घालून घेतले आणि गुरुवारी जारा कापायला बसला."

"गुरुवारनंतर त्याने आणखी काही मोजलं?"

"शुक्रवारी अग्निशामक ठाण्यातल्या दोन भिंतींमधली जागा मोजली, जिथे ही मांडणी बसायची. मी लेझरने ताडून पाहिली. ते माप तंतोतंत आलं." ग्रॅहमने खांदे उडवले. "नशीब."

"त्याची टेप तपासलीस?"

"मी? दुसऱ्याची टेप?" ग्रॅहमला तो अपमान वाटला.

नेव्ह हॉकिंग बोटी बांधायचा. मांडणीचं काम आपल्याला मिळावं अशी त्याची इच्छा होती, आणि ते त्याने लपवलंही नाही.

"मागितलं होतं मी. मतं पडली, क्लॅरी जिंकला. त्या रात्री दोन बाटल्या जास्त घेतल्या, बस. त्याचं लाकूड बिघडवायला मी काही वेडा नाही. जेटीचं जारा आहे ते. आजोबांची बोट त्याच जेटीला बांधलेली असायची."

"तुझी टेप दाखवशील?"

नेव्हने नाखुशीने दिली. व्हर्नाने आकडा हलवला. तो खुळखुळला.

"हा तर ढिला आहे," डेस म्हणाला. "क्लॅरीकडून शिक काहीतरी."

नेव्हने त्याच्याकडे पाहिलं, मग व्हर्नाकडे. "हा बस चालवायचा ना? तेच बरं."

तिसरा टाकी पापास. वॉलरूच्या किनाऱ्यावर त्याचं पस्तीस वर्षं मासे तळायचं दुकान होतं. हत्यार हातात धरलं ते निवृत्त झाल्यावरच, पण तेव्हापासून खाली ठेवलेलं नव्हतं. किटल्या, रेडिओ, कुलपं, जे दिसेल ते दुरुस्त करायचा.

"क्लॅरीसारखा माणूस नाही," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "मला पहिल्यांदा करवत धरायला त्यानेच शिकवलं. त्याची चावी घेतली तर मीही माझी देईन. बिस्किटं घे. बायकोने केलीत."

"गेल्या आठवड्यात काय काय दुरुस्त केलंस?"

"कोण लक्षात ठेवतं? दिवसाला दहा वस्तू. लोक इथे ठेवून जातात, मी करून टाकतो. मागायलाही लागत नाही."

डेस दोन बिस्किटं तोंडात कोंबून आपला चष्मा शोधत होता. तो टाकीच्याच टेबलावर सापडला. डोळ्यांवर चढवला तर गच्च बसला. "अरे, ही काडी कुणी बसवली?"

टाकी नुसता हसला.

व्हर्नाने क्लॅरीला बाजूला घेतलं. "एकच प्रश्न. मंगळवारी तुमची टेप कुठे होती?"

"खिशातच असणार." तो थांबला. "नाही. बुधवारी आलो तेव्हा टाकीच्या टेबलावर मिळाली. सोमवारी जायच्या गडबडीत राहिली असेल."

"बरं," व्हर्ना म्हणाली. "आता चहा पिऊ या."

*

चहा संपला. ग्रॅहमने बैठक सुरू करण्यासाठी घसा खाकरला, पण व्हर्ना त्याच्याआधीच उभी राहिली.

"क्लॅरीने मला विचारलं, चूक माझ्या डोळ्यांची का? याचं उत्तर बारा फळ्यांनी केव्हाच दिलं होतं. डोळे चुकतात तेव्हा दर वेळी वेगळे चुकतात. एकदा अर्धा मिलीमीटर कमी, एकदा दोन जास्त. बारा वेगवेगळ्या तुकड्यांवर, वेगवेगळं मोजून, बारा वेळा नेमका एकच मिलीमीटर? म्हाताऱ्या डोळ्यांना एवढी शिस्त नसते."

"पण टेप बरोबर आहे," ग्रॅहम म्हणाला. "खुणा जुळतात."

"खुणा जुळतात. तरी फळ्या चुकल्या आणि ठाण्यातली जागा चुकली नाही. तीच टेप, तेच डोळे, एका दिवसाचं अंतर. तू त्याला नशीब म्हणालास. मी विचार केला, या दोन मापांत फरक काय? फळी मोजताना आकडा तिच्या टोकाला अडकवून ओढतात. जागा मोजताना तोच आकडा भिंतीला टेकवून दाबतात."

नेव्हच्या हातातला कप खाली आला. ग्रॅहमचं तोंड उघडंच राहिलं. डेसचं तोंडही उघडं होतं, पण वेगळ्या कारणाने.

"मला अजून वळण दिसलं नाही," तो म्हणाला.

"टेपचा आकडा ढिला असतो, डेस. तो मुद्दामच ढिला करतात. जेवढी त्या पत्र्याची जाडी, तेवढाच तो मागेपुढे सरकतो. ओढला की बाहेर, दाबला की आत. म्हणजे पत्र्याची जाडी मापात कधीच शिरत नाही. नेव्हची टेप खुळखुळते, कारण ती चांगली आहे. क्लॅरीची टेप घट्ट आहे. तू तिचं कौतुक केलंस."

तिने क्लॅरीची टेप उचलली. "आत दाबलेल्या जागी हा आकडा पक्का ठोकला आहे. भिंतीला टेकवला की माप बरोबर. फळीला अडकवला की पत्र्याची जाडी मापात येते. दोनशे नव्व्याण्णवची फळी तीनशे दिसते." तिने एक फळी पुढे केली. "ग्रॅहम, मोज. दोन्ही टेपांनी."

ग्रॅहमने मोजलं. क्लॅरीच्या टेपवर तीनशे. नेव्हच्या टेपवर दोनशे नव्व्याण्णव. त्याने पुन्हा मोजलं आणि मग खाली बसला.

"म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलं," नेव्ह गुरगुरला.

"नाही. मुद्दाम बिघडवणारा आकडा वाकवतो. इथे रिव्हेट नीट ठोकलेत, कानसीने घासलेत, पातीला तेलही घातलंय. हे कुणीतरी जीव लावून केलं. सोमवारच्या मापात खोट नाही, गुरुवारच्या मापात आहे, आणि मधल्या दिवशी टेप मालकाकडे नव्हती. आता, असं कोण करेल? ग्रॅहमने चाळीस वर्षं मुलांना हा आकडा का हलतो ते शिकवलं. नेव्हने त्यावर बोटी बांधल्या. दोघांनी दुसऱ्याच्या टेपला हातही लावला नसता. करेल तो, ज्याला ही रीत माहीत नाही, जो सुतार नाही, आणि ज्याच्या टेबलावर ठेवलेली ढिली वस्तू ढिली राहूच शकत नाही. डेसच्या चष्म्याची काडीसुद्धा अर्ध्या तासात घट्ट झाली."

सगळ्यांच्या आधी टाकीला कळलं. तो उठला, पण जायचं कुठे ते त्याला समजेना.

"मला वाटलं, तुटलाय," तो म्हणाला. "क्लॅरीची टेप, इतकी जुनी. तो डोळ्यांना दाखवायला गेलाय, परत येईल तेव्हा निदान टेप तरी धड असावी. क्लॅरी, मीच तुझं..."

क्लॅरीने तळहात डोळ्यांवर दाबून धरले, आणि हात काढले तेव्हा तो हसत होता. आठवडाभरात पहिल्यांदाच.

"म्हणजे मला दिसतंय," तो म्हणाला. "टाकी, गाढवा, मला दिसतंय."

त्याने टाकीच्या पाठीत असा धपका घातला की खिशातली बिस्किटं सांडली.

"ते ठीक आहे," ग्रॅहम चाचरत म्हणाला. "पण लाकूड तर आखूडच राहिलं. जारा आता मिळायचं नाही."

"जारा लागतंय कुणाला?" क्लॅरी म्हणाला.

त्याने भंगारातून पिवळसर पाइनचा एक जुना तुकडा काढला, चावी फिरवून यंत्र सुरू केलं आणि त्याचे बारा पातळ पापुद्रे कापले. मग रंधा घेतला. टेप त्याने मागितली नाही, कुणी दिलीही नाही. पापुद्रा अंगठा आणि तर्जनीत धरून जाडी चाचपायची, रंध्याचा एक हात फिरवायचा, पुन्हा चाचपायची. शेडमधली बाकीची यंत्रं आपोआप बंद झाली होती. बाराही झाल्यावर त्याने त्यांची पत्त्यांसारखी गड्डी केली आणि मांडणीच्या टोकाच्या त्या फटीत सरकवली. गड्डी थोडी अडली. त्याने वरचा पापुद्रा काढून रंध्याचा एकच हात दिला आणि पुन्हा लावला. यावेळी ती आत गेली आणि तिथेच राहिली. डेसला नखही शिरवता आलं नाही.

मग त्याने त्या गड्डीतला एकेक पापुद्रा एकेका फळीच्या टोकाला चिकटवला. काळ्या जारामध्ये बारा सोनेरी रेघा उमटल्या आणि शेवटचा खांब आपल्या खाचेत जाऊन बसला. पाहणाऱ्याला वाटावं, मांडणी पहिल्यापासून अशीच आखली होती. नेव्हने शिटी वाजवली. टाकी उघडपणे रडत होता आणि त्याची त्याला लाज वाटत नव्हती.

ग्रॅहमने लेझर काढलं, मांडणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धरलं, माप वाचलं आणि यंत्र खिशात टाकलं. मग सगळ्या सांध्यांवरून सावकाश बोट फिरवत तो क्लॅरीसमोर येऊन उभा राहिला.

"हे असं, नुसत्या हाताने," तो म्हणाला. "चाळीस वर्षं शिकवलं, पण मला नाही येत. गुरुवारी शिकवशील?"

क्लॅरीने रंध्याच्या तोंडात अडकलेली सालपटं फुंकून टाकली.

"ये," तो म्हणाला. "पहिला महिना नुसता केर काढायचा."