तळ्याकाठचं नेट

"माझं नाव कुणीतरी पुसलंय," कोटही न काढता इलोना वूओरेला म्हणाली.

टाम्पेरे शहरातल्या त्या लहानशा कचेरीत गुप्तहेर तूलिक्की ऐकत होती. तिचा नवरा आणि मदतनीस ओत्सो खिडकीतून अंगणातली बाबागाडी न्याहाळत होता. तिथल्या रीतीप्रमाणे बाळ बाहेर थंडीत गाढ झोपलं होतं, तरी ओत्सोच्या जिवाला घोर.

इलोनाने तीन वर्षं खपून कोल्ह्याच्या एका गेमची चित्रं काढली होती. आज सकाळी गेमची नवी आवृत्ती वेबसाइटवर चढली आणि शेवटच्या नामावलीतून नेमकं तिचं नाव गायब. संध्याकाळी स्पर्धेचे परीक्षक तो खेळणार होते.

"गेम चढवायचा पासवर्ड कुणाकडे?" तूलिक्कीने विचारलं.

"प्रोग्रॅम लिहिणारा राल्फ, आणि माझी बहीण काइस्ला. मला त्यातलं काही येत नाही."

राल्फ स्टुडिओत घुश्शातच भेटला. "पेपरात फोटो तिचाच येतो. जळतो मी, कबूल. पण सकाळभर मी शाळेत शिकवत होतो. विचारा."

तूलिक्कीने तिथूनच शाळेला फोन लावला. खरं होतं.

"चढवायला वेळ किती लागतो?"

"पूर्वी अख्खी दुपार जायची. मग काइस्लाने शिकवलं. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची. जुनं-नवं ताडून बदललेला तुकडा तेवढाच जातो."

काइस्ला आठवडाभर तळ्याकाठच्या कॉटेजवर होती. तूलिक्की आणि ओत्सोसोबत इलोनाही तिथे आली. भिंतीवर पोरवयातलं कोल्ह्याचं चित्र, खाली दोघी बहिणींची नावं.

"बाईसाहेब हेर घेऊन आल्या," चुलीवर कॉफी ठेवत काइस्ला म्हणाली. "फोन काढून बघा. इथून एक फोटो जाताना नेटला धाप लागते. एवढा अवजड गेम मी चढवणार?"

ओत्सोने बाळाचा फोटो सासूबाईंना पाठवून पाहिला. अर्ध्यावर अडकला.

"ही सुटली," तो कुजबुजला.

"तू गेमचं वजन करतोयस," तूलिक्की म्हणाली. "बदललं काय? एक नाव. तेवढ्याला हे नेट पुरे. इलोना असं बोलली असती तर मी मानलं असतं, तिला ठाऊकच नाही. पण काइस्ला, राल्फला हे तुम्हीच शिकवलंत. तरी अख्ख्या गेमचं ओझं पुढे केलंत."

काइस्लाने चुलीकडे पाहिलं. "कोल्ह्याची गोष्ट मी सांगायचे, तेव्हा ही चित्रं काढायची. नामावलीत हिच्या कुत्र्याचेसुद्धा आभार आहेत. माझं नाव दाखवा."

इलोनाने भिंतीवरच्या चित्राखालची दोन्ही नावं वाचली. मग तिने टेबलावरचा लॅपटॉप बहिणीपुढे सरकवला.

"दोघींची घाल. कुत्र्याच्या वर."

काइस्लाने डोळे पुसत एक ओळ टाइप केली. कॉफीला उकळी फुटायच्या आत नावं चढली.

ओत्सोचा फोटो अजून अर्ध्यावरच होता.