बैलांचे पाय कुठे गेले?

“रॅम्प परत गायब!” नवल ओरडला.

दोंडाईच्याच्या वाचनालयापुढे तिघं थबकली. दिवाळीच्या सुटीत लीलाधर नानांच्या सुतारखान्यात खपून त्यांनी तो लाकडी उतार केला होता. नवलने फळ्या कापल्या, आयुषीने रंधा मारला आणि दिपमालाने व्हीलचेअरवर बसून खिळे ठोकले. दिपमालाला वाचनालयात आपलं आपण जाता यावं, एवढ्याचसाठी!

“ये पोरी, आम्ही उचलून घेतो तुला,” दारातून ग्रंथपालकाका म्हणाले.

“नको काका! मागे उचललंत तेव्हा सगळा बाजार बघत होता. मी काय पोतं आहे? जाईन तर माझ्या चाकांवर!”

दुपारी पाहतात तर उतार जागेवर, पण वाचनालय बंद! दिपमालाने खुर्ची फळीवर घेतली मात्र...

“आऽऽक छी!”

“सर्दी झाली?” नवलने विचारलं.

“सर्दी नाही रे, बावळटा! फळी हुंगून बघ.”

नवलने नाक टेकवलं आणि शिंकून शिंकून बेजार झाला. फळ्यांच्या फटींत लालभडक पूड होती. मिरची! दोघांनी आयुषीकडे पाहिलं. समोरच तिच्या आजोबांचं, दलिचंदशेठांचं, मिरचीचं दुकान होतं.

“आमचेच लोक?” आयुषीचं तोंड उतरलं. “चला, विचारूच!”

दुकानातला हमाल भाईदास हसला. “फळीच शे ना ती? बठ्ठा पोता टेम्पोमा चढी गयात, का लगेच ठी देस!”

“पोती चढेपर्यंत घडीभर वापरून परत ठेवली, तर फळी झिजते का?” शेठ गादीवरून म्हणाले. “पोती उचलून माणसांच्या कमरा जातात.”

“आणि मी आत कसं जायचं, आजोबा?” दिपमालाने विचारलं.

“तुला काय, कुणीही उचलेल!”

दिपमालाने झटकन खुर्ची वळवली. बाहेर आल्यावर ती फणकारली, “पोत्यांना उतार आणि माणसाला उचला! वा रे न्याय! नवल, नानांकडे रंग आहेत ना?”

ग्रंथपालकाकांनी परवानगी दिली. दोन दिवस तिघांचे हात रंगले. दिपमालाने वाचनालयाच्या भिंतीवर एक ऐटबाज बैलगाडी काढली. गाडीवान कोण? पांढऱ्या झुपकेदार मिशांचे दलिचंदशेठ! पण गाडीची चाकं आणि बैलांचे पाय तिने भिंतीवर काढलेच नाहीत. ते काढले उताराच्या बाजूच्या फळीवर. उतार भिंतीला लागला की चित्र पुरं!

“अरे, या तर माझ्या मिशा!” शेठ खूश होऊन येणाऱ्याजाणाऱ्याला चित्र दाखवत सुटले.

बाजाराच्या दिवशी भाईदासने सवयीने उतार नेला. झालं! बैल अधांतरी, गाडीला चाकं नाहीत आणि वर शेठ मिशांना पीळ देत बसलेले! मिरची घेऊन आलेले शेतकरी पोट धरधरून हसू लागले.

“शेठ, तुमना बैलस्ना पाय कोठे गयात? मिरची खाईसन पळी गयात का?”

शेठ लालेलाल! “भाईदास! पोती राहू दे, आधी ते पाय आण!”

“आजोबा, मीही धरते!” हसू दाबत आयुषी धावली.

शेठनी स्वतः एक टोक धरलं. उतार जागेवर बसला, तेव्हा समोर दिपमाला खुर्चीत वाट पाहत होती. शेठ ओशाळले.

“पोरी, बैलांचे पाय गेलेले सगळ्यांना दिसले. तुझी वाट अडवली, ते मात्र मला दिसलं नाही. चुकलं माझं. उद्यापासून दुकानाची फळी वेगळी. बाकी चांगला कान पिळलास हो!”

“कामही पक्कं केलंय पोरांनी,” गर्दीतून पुढे येत नाना फळीवर थाप मारून म्हणाले. “पोती वाहूनही एक खिळा हलला नाही!”

दिपमालाने चाकांना जोर दिला. सर्रकन वर! कुणाचा हात नाही, कुणाचा टेकू नाही. वाचनालयात तिने गोल गिरकी घेतली आणि गोष्टींच्या कपाटापाशी थांबली. वरच्या कप्प्यांपर्यंत हात पोचेना.

“काका, हे कपाट फारच उंच आहे,” ती म्हणाली. “नवल, करवत आण!”

ग्रंथपालकाका चटकन कपाटाला पाठ लावून उभे राहिले.