सातवी फेरी

ही गोष्ट मी आजवर फक्त तिघांना सांगितली आहे. विश्वास ठेवाच असं म्हणत नाही. पण यात माझा सख्खा भाऊ आहे, त्याच्या नावावर मी थापा मारणार नाही.

थंडीतला मंगळवार होता. दुपारचे पावणेतीन. भरदिवसा, लख्ख उजेडात.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. मी घरी शर्टांना काज-बटणं करते. आई आतल्या खोलीत आडवी झाली होती. दादाला जाऊन चार महिने झाले होते. पदक आणि मानपत्र आठवड्यापूर्वीच घरी आलं होतं. 'जिवाची पर्वा न करता सहा जवानांचे प्राण वाचवले,' असं त्यात लिहिलं होतं. मला ते तोंडपाठ झालं होतं.

दोरा तुटला म्हणून मी मशीन थांबवलं.

आणि जिन्यात पावलं वाजली...

जड पावलं. पाठीवर ओझं घेऊन कोणी चढावं तशी.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली. एक दमाचा उसासा. मग पुन्हा वर.

दोरा ओवायचा तसाच राहिला.

सैन्यात जाण्याआधी दादा दोन वर्षं गॅसच्या टाक्या पोहोचवायचा. खांद्यावर भरलेली टाकी घेऊन आमच्याच जिन्यात दिवसातून दहा खेपा. दुसऱ्या मजल्यावर खांदा बदलायचा. डावा पाय जोरात आपटायचा. पलटणीतही त्याचं नाव 'सिलिंडर'च पडलं होतं. सुट्टीवर आला की तो मला उचलून म्हणायचा, "ही टाकी रिकामी आहे, परत न्या!"

ती पावलं मी हजारात ओळखली असती.

आमच्या दाराबाहेर काहीतरी अलगद खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तीच पावलं हलकी होऊन भराभर खाली गेली.

मी दार उघडलं.

कोणी नव्हतं...

पुन्हा जड पावलं वर. पुन्हा हलकी पावलं खाली. मी दाराला पाठ लावून मोजत राहिले. पहिली धरून सहा वेळा.

सातव्या फेरीसाठी हलकी पावलं खाली गेली, ती परत आलीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मी दुपारभर मशीन चालू ठेवायला लागले. कापड नसलं तरी चालवायचे. आईला काही बोलले नाही. आधीच ती अर्धी झाली होती.

पंधरा दिवसांनी दादाच्या पलटणीतले एक हवालदार भेटायला आले. काठी टेकत, एकेक पायरी चढत. आईला भेटले, मग बाहेरच्या खोलीत माझ्याजवळ चहा घेत बसले.

पावणेतीन वाजले. जिन्यात पावलं वाजली.

ते बोलता बोलता थांबले. कप खाली ठेवला.

"ताई, हे रोज येतं?"

"तुम्हालाही ऐकू येतंय?" मी विचारलं.

"वरच्या चौकीतून मला त्याने असंच पाठीवर आणलं होतं. तिथे उतरण होती, इथे चढ आहे. एवढाच फरक."

आम्ही दोघं दाराकडे बघत बसलो. सहाव्या खेपेला त्यांनी आपली मांडी घट्ट धरली.

"हा मी," ते म्हणाले.

मग हलकी पावलं खाली गेली... आणि शांतता.

"सातवा कोण होता?" मी विचारलं.

त्यांनी काठी जवळ ओढली.

"आमचा रेडिओवाला. वर चौकीत जखमी पडला होता. गोळे जवळ पडायला लागले, तेव्हा साहेबांनी सिलिंडरचा हात धरला. म्हणाले, आता नको. तो म्हणाला, 'साहेब, एकच फेरी राहिलीय.' त्याला पाठीवर घेऊन निघालेला मी बघितलाय, ताई. निम्मं अंतर आला होता. मग गोळा पडला."

"मग?"

"धूर निवळला तेव्हा तुमचा भाऊ सापडला. एकटाच. रेडिओवाला कुठेच नाही. अजून नाही. त्याची बायको फोन उशाशी घेऊन झोपते."

त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. माझा दादा अजून धावतोय, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी मी दार उघडून उंबऱ्यात उभी राहिले. दिसत काहीच नव्हतं. सहावं ओझं माझ्या पायाशी ठेवलं गेलं. पावलं वळली.

"दादा," मी म्हणाले, "बस झालं रे. आता जाऊ नकोस."

पावलं थांबली.

माझ्या अगदी कानाशी कोणीतरी धापा टाकत होतं... गरम श्वास. करपलेल्या मातीचा वास.

मग तो श्वासही थांबला.

"काय केलंस गं?"

मागे आई उभी होती. भिंतीला धरून, पांढरीफटक.

"आई, दादा..."

"मला सांगतेस? चार महिने ऐकतेय मी."

चार महिने. म्हणजे मी मशीन थांबवण्याच्या कितीतरी आधीपासून.

"मग बोलली का नाहीस?"

"त्याचं काम अर्धं राहिलं होतं," ती म्हणाली. "मधेच अडवलेलं त्याला कधी खपलंय?"

त्या दिवसापासून पावलं बंद झाली. आई माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.

मी स्वतःची समजूत घालत राहिले, दादा सुटला. पण मशीन थांबलं की कान आपोआप जिन्याकडे जायचे. मी त्याला सोडवलं, की अडवलं? कोणाला विचारणार?

महिन्याभराने एक बाई आली. रेडिओवाल्याची बायको. हवालदारांकडून पत्ता घेतला होता. तिला एवढंच विचारायचं होतं, की दादाने कधी पत्रात तिच्या नवऱ्याबद्दल काही लिहिलं होतं का.

लिहिलं नव्हतं. बाकीचं सांगायला माझी जीभ रेटेना.

ती निघाली. मी दारात उभी होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थबकली. वर बघितलं.

"घरात कोणी पुरुषमाणूस आहे का?"

"नाही. का?"

"कोणीतरी म्हणालं... 'वहिनी, थांबा.'"

 जिन्यात आम्ही दोघीच होतो.

 ती पर्स मांडीवर घेऊन तिथेच पायरीवर बसली. भिंतीच्या बाजूला थोडी सरकली, जाणाऱ्या-येणाऱ्याला वाट राहावी म्हणून.

अंधार पडला, दिवे लागले, तरी ती बसून होती.

आता दर मंगळवारी येते. पावणेतीनच्या आधी. वर येत नाही, चहा घेत नाही. आई तिला खाली पाणी नेऊन देते आणि दोघी एकमेकींशी एक शब्दही बोलत नाहीत.

तिला घरी जा म्हणायचं अनेकदा ओठांवर येतं.

पण मी काही म्हणत नाही. एकदा म्हणून बसले आहे.